गावभागातील एक जुने वाचनालय: वर्गणी, नोंदवह्या आणि पुरानंतरची कपाटे

सांगलीच्या गावभागात शंभरी ओलांडलेले एक सार्वजनिक वाचनालय आहे, त्याच्या सेवेविषयी हे परीक्षण आहे. संस्थेचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण कार्यकारी मंडळाची निवडणूक तोंडावर आली असून यातील कौतुक एका गटाच्या आणि तक्रारी दुसऱ्या गटाच्या पत्रकात छापल्या जाण्याची दाट शक्यता आहे. शिवाय जे लिहायचे आहे ते कृष्णाकाठच्या कोणत्याही जुन्या वाचनालयाला थोड्याफार फरकाने लागू पडेल. महिन्याची वर्गणी भरून बाजारात नुकतीच आलेली कादंबरी वेळेवर मिळावी, एवढीच ज्यांची अपेक्षा आहे, त्यांना हे वाचनालय साधारणच वाटेल. मात्र या शहराने गेल्या शतकभरात काय वाचले, काय विकत घेणे त्याला परवडले आणि त्यातले काय नदीने नेले, हे ज्यांना पाहायचे आहे त्यांनी येथे सभासद होण्यास अजिबात विलंब लावू नये.

हे वाचनालय कोणत्या परंपरेत उभे राहिले, हे लक्षात घेतल्याशिवाय त्याच्या आजच्या सवयींचा उलगडा होत नाही. इंग्रजी अमदानीत सरकारी अधिकारी आणि नवशिक्षित मंडळी यांच्या खटपटीतून ठिकठिकाणी ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ निघू लागल्या. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे आणि कोल्हापूरचे १८५० चे आहे. सांगली हे तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते आणि येथील नगर वाचनालय १८६९ साली सुरू झाले. विष्णुदास भाव्यांनी याच गावात नाटक उभे केले ते १८४३ मध्ये. म्हणजे गावाला नाटक मिळाल्यानंतर तब्बल २६ वर्षांनी वाचनालय मिळाले. आधी पाहायचे आणि मग जमल्यास वाचायचे, हा सांगलीचा क्रम पुढेही फारसा बदलला नाही असे माझे मत आहे, आणि त्याला आधार म्हणून मी या वाचनालयातील नाटकांचे कपाट दाखवीन. हरिपूरचे देवल आणि सांगलीतच जन्मलेले खाडिलकर या नाटककारांच्या गावाला शोभेल इतके ते भरलेले आहे. पण त्यातील बहुतेक प्रती वाचण्यासाठी नव्हे, तर तालमीसाठी नेल्या गेल्या होत्या, हे पाने उलटताच कळते. समासात शिसपेन्सिलीने पात्रांच्या येण्याजाण्याच्या खुणा आहेत, एका प्रतीत दोन पदांवर आडवी रेघ मारून ‘वेळ नाही’ असे लिहिले आहे, आणि पाठांतराला सोपे जावे म्हणून कोणीतरी नायिकेच्या भाषणांची पाने चक्क सोडवून नेलेली आहेत. ग्रंथपालाने शेऱ्यात ‘पृ. ४१ ते ४८ गहाळ’ अशी नोंद करून प्रत पुन्हा कपाटात ठेवली आहे. आजचा काटेकोर ग्रंथपाल ती बाद करील; तशी ती केली नाही, याबद्दल त्या अज्ञात माणसाचे आभार मानावेत तेवढे थोडे आहेत.

प्रस्तुत वाचनालय नगर वाचनालयाच्या मागून, विसाव्या शतकाच्या आरंभी निघाले. आरंभ ग्रंथांनी झाला नाही, वृत्तपत्रांनी झाला. पुण्यामुंबईची पत्रे एकट्याला घेणे परवडत नसे, म्हणून एका वाड्याच्या ओसरीवर काही जणांनी मिळून ती मागवण्यास सुरुवात केली, एक जण मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. पुढे जुने अंक फेकवेनात म्हणून एक फडताळ आले, आणि फडताळाला कुलूप हवे म्हणून चिटणीस नेमला गेला. जुन्या इतिवृत्तांत पहिल्या काही वर्षांचे ठराव मिळतात, त्यांत पुस्तकांपेक्षा कंदिलाच्या तेलाचा उल्लेख अधिक वेळा येतो. सभासदांचे तीन वर्ग होते. पहिल्या वर्गाच्या सभासदाला नवे पुस्तक आधी आणि एका वेळी अधिक पुस्तके मिळत, तिसऱ्या वर्गाला उरलेसुरले मिळे, आणि जो वर्गणीच देऊ शकत नव्हता त्याने ओसरीवर बसून पत्र वाचावे, एवढीच त्याला मुभा होती. यादीत वकील, शाळामास्तर, संस्थानी कारकून आणि पेठेतील हळदीचे व गुळाचे व्यापारी आहेत. कोष्टी, माळी, मांग, महार अशी नावे कित्येक वर्षे शोधूनही सापडत नाहीत. संस्थेच्या शताब्दी स्मरणिकेत मात्र ‘सर्व समाजाला खुले’ असे सरसकट विधान आहे. स्मरणिका लिहिणाऱ्यांनी आपल्याच यादीचे एक पान उघडून पाहिले असते, तर ते वाक्य असे लिहिले गेले नसते.

स्त्रियांचा वाटा यादीत दिसत नाही, पण देवघेवीच्या वहीत तो स्पष्ट दिसतो. पुस्तक नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर जाई आणि चिटणीस कंसात ‘घरी’ असे लिही. या ‘घरी’ गेलेल्या पुस्तकांच्या नोंदी एकाखाली एक वाचल्या की वकीलसाहेब स्वतः काय वाचत होते आणि घरात काय वाचले जात होते, यांतील फरक उघड होतो: पहिल्या बाजूला कायदा, इतिहास आणि इंग्रजी चरित्रे आहेत, दुसऱ्या बाजूला कादंबऱ्या आणि मासिके. स्त्रीच्या स्वतःच्या नावाने पहिले सभासदत्व ‘स्त्री’ मासिक निघाल्यानंतरच्या काळात, म्हणजे १९३० नंतर येते. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही तिन्ही मासिके येथून रेल्वेने जवळच असलेल्या किर्लोस्करवाडीहून निघत. लोखंडी नांगरांच्या कारखान्याच्या आवारात १९२० साली सुरू झालेला हा उद्योग तेव्हा औंध संस्थानच्या हद्दीत होता. सांगलीच्या वाचकाला ही मासिके घरचीच होती, आणि म्हणूनच त्यांचे बांधीव खंड हे या वाचनालयाचे खरे वैभव होते. ‘होते’ असे लिहावे लागते, त्याचे कारण पुढे येईल.

आता ज्या वस्तूसाठी मी वर्गणी देत राहतो त्या वस्तूविषयी. वाचनालयाच्या दाखल नोंदवह्या, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन ठेवलेली मूळ नोंद, आरंभापासून जवळजवळ सलग शाबूत आहेत. पहिल्या वह्या मोडीत आहेत, पुढे बाळबोध येते. शाई आधी काळी, मग निळसर, मग बॉलपेनची. रकाने मात्र बदललेले नाहीत: दाखल क्रमांक, तारीख, ग्रंथकर्ता, ग्रंथाचे नाव, कोठून मिळाले, किंमत, शेरा. किमतीच्या रकान्यात १९५७ पर्यंत रुपये, आणे, पै आहेत आणि त्या वर्षी एका पानाच्या मध्यावर एकदम ‘न. पै.’, म्हणजे नवे पैसे, सुरू होतात. जुन्या सवयीच्या चिटणिसाने पहिले काही दिवस दोन्ही लिहिलेले दिसतात. शेऱ्याचा रकाना सर्वांत बोलका आहे. ‘कसर लागली’, ‘अमुकांनी परत केले नाही, ते मयत’, ‘बांधणीस दिले’, ‘दुसरी प्रत आहे, बाद’, अशा नोंदींतून पुस्तकाचे पुरे आयुष्य डोळ्यांसमोर येते. एका धार्मिक ग्रंथासमोर ‘सभासदाने अशुद्ध म्हणून दुरुस्त केला’ असा शेरा आहे, आणि ग्रंथ काढून पाहिल्यास खरोखरच लाल शाईने शेवटपर्यंत शुद्धलेखन तपासलेले आहे.

याच वह्यांच्या जोडीने पुस्तकांवरील शिक्के पाहावेत. सर्वांत जुन्या पुस्तकांवर लंबगोल शिक्का आहे, त्यात संस्थेच्या नावाखाली ‘सांगली संस्थान’ असे कोरलेले आहे. संस्थान १९४८ साली विलीन झाले आणि १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला, त्यामुळे पुढील सुमारे ११ वर्षांच्या खरेदीवर ‘दक्षिण सातारा’ हा गोल शिक्का येतो. १९६० च्या अखेरीस जिल्ह्याचे नाव सांगली झाले, पण नवा रबरी शिक्का करण्याचा खर्च कार्यकारी मंडळाने लगेच मंजूर केलेला दिसत नाही. काही काळ जुन्याच शिक्क्यातील ‘दक्षिण सातारा’वर हाताने रेघ मारून शेजारी ‘सांगली’ असे लिहिलेले आहे. राज्याच्या फेररचनेविषयी पुष्कळ वाचले आहे, पण एका गावाच्या हातात ती कशी पोहोचली, हे मला या खोडलेल्या शिक्क्याइतके स्वच्छ कोठेच दिसले नाही.

वाचनालयाच्या स्वभावात खरा पालट झाला तो कायद्याने. शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच ग्रंथालयांचा कायदा केला होता आणि तो देशातील पहिला मानला जातो; महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली संमत झाला आणि १ मे १९६८ पासून लागू झाला. त्याने वाचनालये सरकारी केली नाहीत. ती चालवणाऱ्या संस्था जागच्या जागी राहिल्या आणि त्यांना मान्यता व परिरक्षण अनुदान मिळू लागले, तेही अ, ब, क, ड अशा वर्गवारीने. वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, नियतकालिकांची संख्या, उघडे राहण्याचे तास अशा मोजता येणाऱ्या गोष्टींवरून. या व्यवस्थेने दोन मोठी कामे केली. सभासदांचे तीन वर्ग मोडीत निघाले, आणि वृत्तपत्र विभाग कोणालाही विनामूल्य खुला झाला. ओसरीवरच्या माणसाला आत खुर्ची मिळाली. हे श्रेय निःसंशय कायद्याचे आहे, आणि अनुदानाला नावे ठेवणाऱ्या आमच्या जुन्या सभासदांनी ते मोकळेपणाने दिले पाहिजे.

परंतु जे मोजले जाते तेच वाढते, हेही नोंदवहीत दिसते. सत्तरीच्या दशकापासून मार्च महिन्यात खरेदी एकदम फुगते. वर्षभरात तुरळक नोंदी आणि मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात पानेच्या पाने, एकाच विक्रेत्याकडून, कमी किमतीची, पातळ पुस्तके. तपासणीपूर्वी संख्या भरली पाहिजे म्हणून आणलेली. त्यांतील कित्येकांच्या मागच्या पानावरील तारखेच्या चिठ्ठीवर आजवर एकही शिक्का पडलेला नाही. उलट ज्या पुस्तकांच्या चिठ्ठ्या भरून त्यावर दुसरी आणि तिसरी चिठ्ठी चिकटवावी लागली, त्यांची नवी प्रत घेण्याचे कोणाला सुचले नाही, कारण दुसऱ्या प्रतीने संख्या वाढत असली तरी विषयांची यादी वाढत नाही. हा दोष एकट्या या संस्थेचा नाही. राज्यात अनुदानप्राप्त वाचनालये अकरा हजारांच्या आसपास आहेत. मिळणारी रक्कम तुटपुंजी, ती हप्त्याहप्त्याने येणार, आणि सेवकांचे वेतनही त्यातूनच भागवायचे. २०२२ च्या अखेरीस अनुदान ६० टक्क्यांनी वाढवण्याचा निर्णय झाला तेव्हा वाचनालयात पेढे वाटले गेले. तरीही दिवसभर काउंटरवर उभ्या असलेल्या सेवकाला महिन्याकाठी जे हाती पडते ते ऐकून पेढा गोड लागत नाही.

आता २०१९ च्या पुराकडे येतो. सांगलीत पाणी किती आले हे कृष्णेवरील आयर्विन पुलाच्या पट्टीवरून मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले होते आणि यापेक्षा अधिक येणार नाही असे सर्वांनी मनाशी धरून ठेवले होते. घराघरांत, दुकानांत आणि वाचनालयांतही ‘पाचची खूण’ भिंतीवर होती आणि मौल्यवान वस्तू त्या खुणेच्या वर ठेवल्या की काम झाले, अशी समजूत होती. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. नगर वाचनालयाच्या स्थापनेला त्याच वर्षी १५० वर्षे होत होती आणि त्याच वर्षी त्याच्या ग्रंथसंपदेची मोठी हानी झाली. येथेही खुणेच्या वरची दोन खणे पाण्यात गेली, आणि त्या खणांत नेमके बांधीव खंड ठेवलेले होते, कारण तेच सर्वांत मौल्यवान.

पाणी उतरल्यावर कोणते पुस्तक टिकते आणि कोणते टिकत नाही, याचे एक शास्त्र आहे आणि ते येथे फार महाग पडून शिकले गेले. एकोणिसाव्या शतकातील शिळाछापाची, म्हणजे दगडावरून छापलेली, पुस्तके चिंध्यांच्या लगद्याच्या कागदावर असल्याने भिजूनही तग धरून राहिली. पाने सुटी करून सावलीत वाळवली तेव्हा त्यांतील बरीच वाचनीय उरली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील पुस्तके, कागदटंचाईमुळे हलक्या, आम्लयुक्त कागदावर निघालेली, हातात घेताच विरली. सर्वांत वाईट गत अलीकडच्या गुळगुळीत आर्ट पेपरवरील सचित्र ग्रंथांची झाली. त्या कागदावरचा लेप पाण्याने विरघळतो आणि वाळताना पाने एकमेकांना अशी चिकटतात की पुढे ती उलटता येत नाहीत. बुरशी धरायला दोन दिवस पुरतात आणि पाणी तर त्याहून अधिक दिवस साचून राहिले. स्वयंसेवकांनी उत्साहाने काही खंड कडक उन्हात पसरले, त्यांच्या पाठी वाकड्या झाल्या आणि शिवण उसवली. ओला ग्रंथ जोर लावून उघडू नये, पानांमध्ये टिपकागद घालून वाऱ्यावर वाळवावा, आणि एका वेळी तेवढे जमणार नसेल तर तो सरळ गोठवून ठेवावा, हे संग्रहालयांत सर्वमान्य आहे. पण चिखलात उभे राहून, वीज नसताना, शीतगृह कोठे शोधायचे?

नोंदवह्या बचावल्या, त्या योगायोगाने. लेखापरीक्षणासाठी त्या वरच्या मजल्यावरील कार्यालयात नेल्या होत्या आणि खाली आणायच्या राहून गेल्या होत्या. त्यामुळे काय गेले हे या संस्थेला ग्रंथनिहाय माहीत आहे, आणि माझ्या दृष्टीने या वाचनालयाची सर्वांत मोठी सेवा हीच आहे. पुरानंतर ग्रंथपालांनी शेऱ्याच्या रकान्यात हिरव्या शाईने ‘पूर २०१९’ असे एकेका क्रमांकासमोर लिहिले. हे काम करायला त्यांना वर्षभराहून अधिक काळ लागला, अनुदानाच्या कोणत्याही तक्त्यात ते मोजले गेले नाही, आणि शताब्दी स्मरणिकेच्या पुरवणीतही त्याचा उल्लेख नाही.

दरम्यान राज्यभरातून मदत आली, खोक्यांनी पुस्तके आली. देणाऱ्यांच्या भावनेविषयी शंका नाही. तरीही खोकी उघडल्यावर काय निघाले, ते लिहिलेच पाहिजे: जुनी पाठ्यपुस्तके, स्पर्धा परीक्षांची मागील वर्षांची मार्गदर्शके, एकाच लोकप्रिय चरित्राच्या ढिगाने प्रती, आणि घर आवरताना नकोशी झालेली मासिके. कार्यकारी मंडळाने ती सर्व दाखल करून घेतली, आकडा पूर्वीइतका झाला, आणि वर्ग टिकला. गेलेल्या खंडांची यादी हाताशी असताना ती छापून ‘यांपैकी कोणाकडे असल्यास द्यावे’ असे आवाहन करणे सहज शक्य होते, आणि ते मी लेखी सुचवलेही होते. अर्जाची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास आले, तेव्हा निदान कपाटे आधीच रिकामी करून वर नेलेली होती. यापुढे संदर्भ विभाग कायमचा पहिल्या मजल्यावर राहणार आहे, हा निर्णय उत्तम आहे. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठ सभासदांना जिना चढावा लागतो ही अडचण खरी, पण ग्रंथ मागवला तर सेवक तो खाली आणून देतात.

रोजच्या सेवेविषयी थोडक्यात. देवघेव सकाळी आणि सायंकाळी चालते, दुपारी बंद. नोकरदार वाचकाला सायंकाळचीच वेळ सोयीची असल्याने तेव्हा काउंटरवर दाटी होते. कादंबऱ्या ग्रंथकर्त्याच्या आडनावाप्रमाणे लावलेल्या आहेत आणि ही जुनीच पद्धत वाचकांना सोपी जाते; इतर विषय दशांश पद्धतीने लावले आहेत, पण पाठीवरील क्रमांकाच्या पट्ट्या पुरानंतर अनेक ठिकाणी पुन्हा लावलेल्या नाहीत, त्यामुळे ८९१.४६ च्या, म्हणजे मराठी साहित्याच्या, रांगेत शेतीविषयक पुस्तक सापडले तर आश्चर्य वाटून घेऊ नये. संगणकीय यादी ‘ई-ग्रंथालय’ प्रणालीवर आहे, ती अर्धवट आहे, आणि तीत ‘आहे’ असे दिसणारे पुस्तक जागेवर असेलच असे नाही. येथे खरी यादी म्हणजे देवघेवीवरील ज्येष्ठ सेवक. ‘काका, तेहतीस सालचा किर्लोस्करचा खंड आहे का?’ असे विचारले तर ते संगणकाकडे न पाहता सांगतात, ‘पहिल्या सहामाहीचा आहे, दुसरा पाण्यात गेला. पण त्यातला एक सुटा अंक एका सभासदांनी आणून दिलाय, तो वर ग्रंथपालमॅडमच्या कपाटात बघा.’ ते निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत आणि त्यांना माहीत असलेले कोणी लिहून घेत असल्याचे मला दिसले नाही. मंडळाची या एका गोष्टीसाठी मात्र कोणतीही सबब चालणार नाही.

बालविभाग शनिवारी आणि रविवारी गजबजतो. तेथील पुस्तके फाटलेली आहेत, म्हणजे वाचली जातात. दिवाळी अंकांची योजना ही येथील सर्वांत लोकप्रिय सोय असून मासिक वर्गणीव्यतिरिक्त एकरकमी शुल्क भरल्यास हंगामभर आळीपाळीने अंक मिळतात. चांगले अंक पहिल्या आठवड्यात जातात आणि संक्रांतीपर्यंत हाती लागत नाहीत, ही तक्रार दरवर्षी होते. त्यावर उपाय एकच, वसुबारसेच्या आधी नाव नोंदवणे. नव्या पुस्तकांसाठी राखीव नोंदवही आहे, परंतु ओळखीच्या सभासदाचे नाव तीत वर सरकते, असा माझा आणि माझ्यासारख्या इतरांचा अनुभव आहे.

अभ्यासिका हा आता संस्थेच्या उत्पन्नाचा मोठा आधार झाला आहे. वरच्या मजल्याचा निम्मा भाग स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना मासिक शुल्कावर दिलेला आहे, तो पहाटेपासून रात्रीपर्यंत भरलेला असतो, आणि ज्या मुलांच्या घरी दोन खोल्यांत सहा माणसे राहतात त्यांच्यासाठी ही जागा मोलाची आहे. त्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. पण ही मुले आपली पुस्तके घेऊन येतात आणि तीच घेऊन जातात. वाचनालयाच्या कपाटाकडे त्यांना वळवण्याचा कोणताही प्रयत्न होत नाही, आणि जागेची मागणी वाढली की संदर्भ विभागाची एखादी भिंत मागे सरकते. मागील वर्षी नकाशांचे कपाट जिन्याखाली गेले, ते याच कारणाने. वीस टेबलांचे शुल्क आणि एका कपाटाची धूळ यांची तुलना मंडळाच्या बैठकीत कशी लागणार, हे सांगायला नको.

सभासद होऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही व्यवहारी सूचना. एका पुस्तकाचे साधे सभासदत्व पुरेसे आहे. दोन पुस्तकांच्या वर्गात अनामत दुप्पट आणि लाभ फारसा नाही. अनामतीची पावती जपून ठेवावी, कारण परत मागताना तीच विचारतात आणि जुन्या पावत्यांची स्थळप्रत २०१९ मध्ये भिजली आहे. दाखल नोंदवह्या, इतिवृत्ते आणि शिळाछाप ग्रंथ पाहायचे असतील तर कार्यवाहांच्या नावे साध्या कागदावर अर्ज द्यावा लागतो, परवानगी बहुधा दोनतीन दिवसांत मिळते, छायाचित्रे घेण्यास पानामागे शुल्क आहे आणि शाईचे पेन आत नेऊ देत नाहीत. मोडी येत नसेल तर पहिल्या वह्यांसाठी ती येणारी व्यक्ती सोबत न्यावी. संस्थेत आता मोडी वाचणारे कोणी उरलेले नाही. देवघेवीला मी पाचपैकी अडीच गुण देईन, संदर्भ विभागाला साडेचार. अर्धा गुण कापला आहे तो जिन्याखालच्या नकाशांसाठी, आणि ते वर परत आले तर तो देण्याची माझी तयारी आहे.